टाकीवरची गोधडी

पेण

पेणच्या पेट्रोल पंपावर नळी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाने आमच्या गाडीकडे एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं आणि विचारलं, "काका, झाकण कुठं हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की टाकीला तोंड असतं आणि ते मी गोधडीखाली बंद करून टाकलं होतं.

गोधडी ही माझी कल्पना. मापही माझंच. वर्तमानपत्राचे कागद टाकीवर दाबून, कात्रीने कापून, आमच्या डोंबिवलीत गोधड्या शिवणाऱ्या बाईंना मी स्वतः नेऊन दिले होते. "मी एकदा बघू का?" असं बायकोने विचारलं होतं. "तुला यातलं कळत नाही," असं मी म्हणालो होतो. आता मागे एक जीप आणि एक टेम्पो हॉर्न वाजवत होते. गोधडीच्या नाड्या टाकीखालून जाऊन सीटच्या पोटात बांधलेल्या होत्या. सीट उघडायची तर तिच्यावर बांधलेली बॅग आधी सोडायला हवी होती. बॅगेची दोरीही मीच बांधलेली. म्हणजे ती गाठ सुटण्यातली नव्हती.

"गाडीला थंडी वाजते काय हो?" पंपवाला म्हणाला.

"तिला नाही, यांना वाजते. तिच्यावर ओरखडा येईल या विचाराने," कुमुदने उत्तर दिलं. कुमुद म्हणजे माझी बायको. ती पंपाच्या पत्र्याखाली उभी राहून, माझी नसल्यासारखी, समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती. शेवटी दोरी कापली, तेव्हा कुठे पेट्रोल भरलं.

ज्यांनी पन्नाशीच्या तोंडावर पहिली मोटरसायकल घेतली नाही त्यांना हे प्रकरण समजणार नाही. आयुष्यभर सायकल आणि बस. मुलीचं लग्न उरकलं आणि मग कुठे शंभर सीसीची, मरून रंगाची, टाकीवर सोनेरी पट्टा ओढलेली गाडी दारात आली. आमच्या सोसायटीत तोवर ज्या गाड्या होत्या त्यांच्या टाक्या मी नीट पाहून ठेवल्या होत्या. सीटच्या बाजूचा रंग सगळ्यांचा गेलेला. का, तर कमरेच्या पट्ट्याचं बकल. त्यावर उपाय म्हणून लोक रेक्झिनचं कव्हर घालतात. शेजारच्या कुलकर्ण्यांनी मोठ्या ऐटीत घातलं होतं. पावसाळ्यानंतर ते काढलं तर आत धूळ आणि पाणी साचून रंगाची अशी चाळण झाली होती की कुलकर्णी दोन दिवस खिडकीत आले नाहीत.

म्हणून मी रेक्झिन टाळलं. कुमुदच्या जुन्या सुती पातळांचा मऊ पंचा अंथरायचा, दर रविवारी धुवायचा, टाकी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसायची. पेट्रोल भरताना थेंब सांडला तर लगेच टिपायचा. पट्टा वापरणं मी सोडूनच दिलं. सगळ्या पँटी शिंप्याकडून कंबरेत घट्ट करून घेतल्या. यामुळे जेवणं जरा बेतानं होऊ लागली, पण वर्षभरात टाकीवर केसाएवढी रेघ नव्हती. या मोठ्या प्रवासासाठी पंच्याची गोधडी झाली होती, एवढंच.

पेणला मुक्काम कुमुदच्या मावशीकडे होता. मावशीच्या घरात पोह्याच्या पापडांचा आणि मिरगुंडांचा वास भिंतींत मुरलेला आहे. डोंबिवलीत आम्ही पापड विकत आणतो तेव्हा चार भाजतो. इथे परातभर तळून समोर ठेवतात आणि "खा की, काय लाजताय" म्हणतात. मावशीचे यजमान जिताड्याच्या कालवणाचं वर्णन करत होते. गणपती होईपर्यंत घरात मासळी येणार नव्हती, त्यामुळे वर्णनच वाढून घेतलं. तेवढ्यात कुमुदने कात्री मागितली, गोधडीला बरोब्बर झाकणाएवढं भोक पाडलं आणि त्याच्या कडेने टीप घातली. काम झाल्यावर म्हणाली, "यातलं मला कळत नाही, म्हणून नीट झालं असेल."

आता हा प्रवास कशासाठी, ते सांगायला हवं. कुमुदचं माहेर रोह्याचं. घरात मुलगा नाही, दोन मुली. सासूबाईंच्या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या पेणकडूनच येतो. शाडूचा, डाव्या सोंडेचा, पिवळ्या पितांबराचा. तो आणायचा मान कुमुदच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. म्हणजे माझे साडू, अनंतराव. रोह्यातच राहतात, जीप ठरवतात, मांडीवर मूर्ती घेऊन बसतात. मी त्या घरचा धाकटा जावई. माझ्याकडे आजवर नारळ सोलण्याचं काम असे, कारण नारळ फुटला तर चालतो.

यंदा अनंतरावांच्या पाठीत उसण भरली. एसटीडीवरून फोन आला तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, "मी आणतो! गाडीवरून आणतो!" मग सासूबाई म्हणाल्या, "कुमुद सांगते, तुम्ही त्या टाकीवर रेघ येऊ दिली नाही वर्षभर. खरं का?"

"खरं."

"मग आणा. पत्र्याला इतकं जपणारा माणूस देवाला जपेल." आणि त्यांनी नियम सांगितला. मूर्ती कारखान्यातून एकदा उचलली की ती घरच्या चौरंगावरच टेकवायची. मध्ये कुठे जमिनीला लावायची नाही.

अशी ती टाकी माझं प्रशस्तिपत्रक होऊन रोह्याला निघाली होती.

हमरापूर

पनवेलकडून येताना हमरापूर पेणच्या आधी लागतं. पण आदल्या दिवशी मूर्ती उचलून ठेवायची कुठे? म्हणून हरतालिकेच्या सकाळी पेणहून उलटे मागे गेलो.

हमरापुरात घराला घर नाही, कारखान्याला कारखाना लागून आहे. इथे गणपती जिथे घडतो त्याला कारखानाच म्हणतात. ओटीवर गणपती, माळ्यावर गणपती, न्हाणीच्या भिंतीला टेकून पाठमोरे गणपती. आमच्याकडे गणपतीच्या आधी मूर्ती बघायला जातात ते दुकानात. इथे घरातलं माणूस शोधायला मूर्तींतून वाट काढावी लागते. हिराबाईंचा कारखाना सासूबाईंच्या ओळखीचा. त्या गणपतींचे डोळे रेखतात. बाई ठणठणीत आवाजाच्या. एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने सुनेला हाका, आणि तोंडाने आमचं स्वागत.

"रोह्याच्या आईंचं धाकलं जावई ना तुमी? अनंतराव नाय आलं?"

"पाठ धरली त्यांची."

"न तुमी ह्याच्यावरशी नेनार?" त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग गोधडीकडे. मग ब्रश बाजूला ठेवून त्या खाली आल्या आणि गोधडी बोटांनी चाचपली. "गो सूनबाय, बघ गो! ह्यांच्या टाकीचं बाळंतपण झालंय!"

कारखान्यातले सगळे हसले. मला वाटतं, मागचे दोन-तीन गणपतीही.

मूर्ती मात्र अशी सुरेख होती की मी हसं झाल्याचं विसरलो. पाटावर बसवलेली, हातभर उंच, आणि शाडूची म्हणून चांगलीच जड. तोंडावर रुमाल बांधताना हिराबाई एकदम गंभीर झाल्या. "वरचा हात लय नाजूक हाय. सोंडंला धक्का नको. न प्लॅस्टिक गुंडालू नका. रंग अजून ओला हाय, चिकटंल."

"पाऊस आला तर?"

"आला त पलायचं," त्या म्हणाल्या.

कुमुद मागे बसली. मांडीवर पाट, दोन्ही हातांची मिठी. हरतालिकेचा कडक उपास, पाण्याचा थेंब नाही, आणि मांडीवर देव. मी पुढे, गोधडीला पोट लावून. अख्ख्या हमरापुराने "मोरया" म्हणून निरोप दिला.

कासू, नागोठणे आणि पुढे

त्या दिवसांत मुंबई-गोवा रस्ता म्हणजे दोन ट्रक एकमेकांना घासून जातील इतकाच. मी सायकलच्या वेगाने चाललो होतो. कासूच्या आसपास भातं पोटरीला आलेली, बांधावर बगळे, आणि दूर रुळांवरून डब्यांची गाडी शिवारातून सरपटत जाताना दिसायची. खड्डा दिसला की मी मोठ्याने "खड्डा!" म्हणायचो, कुमुद मूर्ती उचलून धरायची, खड्डा गेला की "गेला!" म्हणायचो. नागोठण्यापर्यंत आमचं एवढंच संभाषण झालं. लग्नानंतर इतकं एकविचाराने आम्ही कधी बोललो नसू.

नागोठण्याहून भिसे खिंडीने रोहा जवळ, पण तो रस्ता फुटलाय असं कळलं. म्हणून हमरस्त्यानेच सुकेळी खिंड ओलांडली. खिंड उतरलो, खांब गावचा माळ दिसू लागला, आणि गाडीचं मागचं चाक डुलायला लागलं.

पंक्चर.

आजूबाजूला भातशेती. वर, खिंडीच्या डोक्यावर, काळं आभाळ जमत होतं. कुमुद मूर्तीसकट खाली उतरली. "तू बस इथे बांधावर," मी म्हणालो, "मी चाक काढून दुरुस्त करून आणतो."

"आणि पाऊस आला तर? ओली माती आहे ही. इथे भिजली तर काय राहील?"

एक टेम्पो येताना दिसला. हात केला. आत इतके गणपती होते की ड्रायव्हरच कुणाच्या तरी आशीर्वादाच्या हाताखाली वाकून बसला होता. तो हात जोडून पुढे गेला.

गाडी ढकलत खांब गाठायचं तर माझे दोन्ही हात गाडीला हवेत. कुमुदच्या हातांना तर आता कंप सुटला होता. सकाळपासून ते जड ओझं, आणि पोटात काही नाही. जमिनीला टेकवायचं नाही. मग टेकवायचं कुठे?

आम्ही दोघांनी एकाच वेळी टाकीकडे पाहिलं.

टाकी म्हणजे जमीन नव्हे. पाट हँडल आणि सीट यांच्या मधे बरोबर आडवा बसला. मी डावीकडून गाडी धरली, कुमुदने उजवीकडून पाट. वर गोधडीची गादी. मला वाटलं, जमलं. देवालाही मऊ, टाकीलाही मऊ. दहा पावलं गेलो नाही तोच चाक एका खळग्यात गेलं, पाट गोधडीवरून साबणासारखा सरकला आणि गणपती माझ्या छातीवर कलला. सोंड माझ्या सदऱ्याच्या बटणाला लागते की काय! कुमुदच्या तोंडून किंकाळी निघाली. मी गाडी मांडीवर पेलली, तिने पाट ओढून सरळ केला. हात शाबूत, सोंड शाबूत.

कुमुद गोधडीकडे बघत राहिली.

मऊ असतं ते सरकतं. पाटाला घट्ट बसायचं तर खाली उघडा पत्रा हवा. हे मला तिच्याइतकंच कळलं होतं. पण म्हणून मी लगेच हात घातला असं नाही. मी आधी म्हणालो, "रुमाल घालून बघू का खाली?" मग म्हणालो, "नुसता कागद?" मग आभाळ गडगडलं. वर्षभराचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. शिवाय त्या टाकीच्या भरवशावर तर सासूबाईंनी देव माझ्या हाती दिला होता. आता तीच घेऊन मी त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार?

"कुमुद, मूर्ती उचल जरा," मी म्हणालो.

तिने मूर्ती पुन्हा मिठीत घेतली. मी मागची बॅग सोडली (या वेळी गाठ कुमुदची होती), सीट वर केली, नाड्या सोडल्या, गोधडी काढली. मरून टाकी ढगाआड जाणाऱ्या उन्हाच्या तिरपेत अशी चमकली, की नको तेव्हा तिला माझीच दृष्ट लागावी. मग पाट थेट पत्र्यावर ठेवला. अगदी पक्का बसला. गोधडी देवाच्या पाठीमागून शालीसारखी ओढून घेतली आणि आम्ही निघालो.

पहिल्याच खड्ड्याला आवाज आला. खर्रर्र.

"काही नाही, काही नाही," कुमुद म्हणाली. आयुष्यात ती माझ्याशी इतकं खोटं कधी बोलली नसेल.

पुढे खड्डे होतेच, आणि प्रत्येक खड्डा आपली सही करून जात होता. पण एक वेगळीच गोष्ट घडू लागली. बैल घेऊन येणारा एक म्हातारा थांबला, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. समोरून एसटी आली ती हळू झाली. खिडक्याखिडक्यांतून हात जोडले गेले. डोंबिवलीत माझ्या गाडीला मागून हॉर्न मिळतो. इथे लोक तिला नमस्कार करत होते. मान ताठ होत गेली माझी. ढकलणारा माणूस सहसा वाकून चालतो. मी सरळ चालत होतो.

खांब

खांबच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान, आणि त्याला लागून चहाची टपरी. पत्र्याखाली शिरलो आणि पावसाने झोड उठवली. पंक्चरवाल्याने गाडी पाहिली, देव पाहिला, टाकी पाहिली.

"काका, टाकी गेली ना हो!"

"चाक बघ," मी म्हणालो.

"चाक खोलायला गाडी हलवावी लागंल. देवाला खाली घ्या."

"खाली नाही घ्यायचा. जमिनीला लावायचा नाही."

तो डोकं खाजवू लागला. टपरीवाली बाई इतका वेळ स्टोव्हला पंप मारत होती. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि बाकड्यावर मांडी घालून बसली.

"द्या हिकडं."

"अहो, पण…"

"मांडी म्हंजे काय जमीन नाय," ती म्हणाली. "द्या. ताई, तुमी बसा जरा. हात बघा कसं कापतायत."

कुमुदने मूर्ती तिच्या मांडीवर ठेवली. बाईने दोन्ही हात असे लावले की घरचंच मूल घेतलंय. कुमुद शेजारी टेकली. "चहा घ्या म्हनलं असतं," बाई तिला म्हणाली, "पन तुमचा उपास असंल. माजा पन हाय."

"निर्जळी?" कुमुदने विचारलं.

"निर्जळी. न दिसभर लोकान्ला चहा पाजते." दोघी हसल्या. चहा मी प्यालो. दोन उपाशी बायकांच्या देखत बशीत ओतून फुंकर घालत चहा पिणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मग गिऱ्हाइकं आली. ती स्वतःच चहा ओतून घेऊ लागली, एकाने दुसऱ्याला बिस्किटं दिली. टपरी तासभर आपोआप चालली. बाई जागची हलली नाही. पाऊस सरला, चाक बसलं, तेव्हा देव परत देताना ती पंक्चरवाल्याला एवढंच म्हणाली, "बघ. माज्या मांडीवर येऊन गेला."

रोहा

कोलाडवरून वळून रोह्यात शिरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दारात सासूबाई तांब्या आणि ताट घेऊन उभ्या. खिडकीशी खाटेवर अनंतराव, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून, मान एवढी लांब काढलेली की आता तिच्यातही उसण भरणार. रीतीप्रमाणे मूर्ती मी हातात घेतली. सासूबाईंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या घरात माझे पाय धुतले गेले ते लग्नानंतर पहिल्यांदाच. मूर्ती चौरंगावर टेकली. रुमाल सोडला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि सोंड पाहिली, मग वरचा हात, मग एकेक बोट, मग मोदक.

"कुठे टवका नाही," त्या म्हणाल्या.

"आता टाकी बघू!" खिडकीतून अनंतराव. त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलची टाकी सीटच्या बाजूने पार पांढरी पडलेली आहे, त्यामुळे त्यांना या विषयात रस.

सगळे अंगणात आले. मरून रंगावर दोन जाड ओरखडे, आत पत्रा दिसेपर्यंत, आणि एक तिसरा, बारीक. सोनेरी पट्टा मधेच तुटलेला.

"अरेरे," अनंतराव म्हणाले. खूप मनापासून नव्हे. "आई, ज्या टाकीवर भरवसा ठेवलात ती बघा. कामातून गेली!"

मी सांगायला तोंड उघडलं. पंक्चर, आभाळ, गोधडी. पण माझ्याआधी कुमुदनेच सगळं सांगितलं, आणि तिने सांगितलेल्या गोष्टीत मी बराच बरा माणूस होतो. सासूबाईंनी ऐकलं. मग जाड ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"इतकं जपलेलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः काढलीत गोधडी?"

"हो."

"अनंतराव," सासूबाई खिडकीकडे वळल्या, "तुमची पाठ बरी झाली तरी आता जपा. पुढच्या वर्षीही मूर्ती हेच आणतील."

अनंतरावांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "या, या. टाकी गेलेल्यांत आपलं स्वागत आहे," म्हणाले, आणि त्या रात्रीच्या नारळांची पिशवी स्वतःच्या खाटेकडे ओढून घेतली.

डोंबिवली

परत आल्यावर पेंटर म्हणाला, "साहेब, पुट्टी भरून मारू रंग. नवीन होईल." मी म्हणालो, "हात लावायचा नाही." मी गोधडीही पुन्हा घातली नाही. टाकी आता उघडीच असते. सोसायटीत कुणी थांबलं, की मी त्यांना खिंडीपासून गोष्ट सांगतो. कुलकर्ण्यांनी तीनदा ऐकली आहे. "हे तिन्ही ओरखडे," मी बोट लावून म्हणतो, "गणपतीच्या पाटाचे."

परवाही असंच सांगत होतो. कुमुद भाजीची पिशवी घेऊन येत होती. ती थांबली, पूर्ण ऐकलं. कुलकर्णी गेल्यावर तिने उजव्या हाताचं मनगट त्या बारीक, गोलसर ओरखड्यावर ठेवली. बांगड्या तिथे नेमक्या बसल्या.

"पाटाला खाली पट्ट्या दोनच असतात," ती म्हणाली. "तिसरा माझा आहे. यापुढे सांगाल तेव्हा तेवढं सांगत जा."